एकोणतीस नंबरचं रक्त

झामसिंग पटलेला माणूस तोंडावरून ओळखता येत नाही. दोष चष्म्याचा नाही, सवयीचा आहे. रस्त्यात कोणी "राम राम काकाजी" म्हटलं की तो त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधीच विचारतो, "कोनाचा?" समोरचा म्हणतो, "दवनीवाड्याचा, रहांगडाले." झालं. मग झामसिंगच त्याला सांगतो की तुझा आजा अमक्या गावच्या बिसेनांचा जावई, तुझी मोठी मावशी तिरोड्याकडं कटरेंच्या घरी दिली, आणि तुझ्या काकाची पहिली सोयरीक मोडली होती ती काऊन मोडली. समोरचा गार. त्याला स्वतःच्या घरातली जी गोष्ट माहीत नसते ती झामसिंगला माहीत असते. फक्त पुढच्या बाजारात तोच माणूस परत भेटला की झामसिंग परत विचारतो, "कोनाचा?"

पंचवीस वर्षं त्यानं पवारांच्या सोयरिकी जमवल्या. आपले पूर्वज माळव्यातून आले, सोबत कुळं घेऊन आले, आणि एका कुळात लग्न करायचं नाही, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झामसिंग तेवढ्यावर थांबत नाही. तो आईचं कुळ पाहतो, आजीचं माहेर पाहतो, आणि तरी समाधान झालं नाही तर गावातल्या न्हाव्याला चहा पाजतो. आता बायोडाटा मोबाईलवर येतात, पोरी फोटोत पांढऱ्याशुभ्र दिसतात, पण शेवटी दोन्हीकडचे बाप झामसिंगलाच विचारतात, "तू काय म्हंतं?" तो डोळे मिटतो, बोटांवर काहीतरी मोजतो, आणि म्हणतो, "जमते." तो "जमते" म्हणाला की जमलं. हीच त्याची कमाई. शेत बाकीच्यांकडंही आहे.

म्हणूनच नागपूरहून चेतना मॅडम आल्या तेव्हा गावच्या आशाताईनं त्यांना थेट झामसिंगच्या अंगणात आणून सोडलं. मॅडमना रक्ताच्या आजारावर संशोधन करायचं होतं. सिकलसेल. त्यासाठी एकाच समाजाचे साठ लोक पाहिजे होते आणि त्यांच्यात एकमेकांचं नातं नको होतं.

"नातेवाईक आले तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखी होते," मॅडम म्हणाल्या. "हिशोब एका बाजूला कलतो."

"म्हंजे सोयरिकीसारखंच आहे जी," झामसिंग म्हणाला. "मी जमवतो."

काम सोपं होतं. माणसं निवडायची, शिबिरात आणायची, अर्ज भरून घ्यायचा आणि खाली एका रकान्यात सही करायची. रकान्यावर छापलेलं होतं, 'ओळख पटवणाऱ्याची सही'. रक्त देणाऱ्याला त्याबदल्यात सिकलसेलचं कार्ड मिळणार होतं. काही नसेल तर पांढरं. आजार असेल तर लाल. आणि स्वतःला त्रास नाही पण पोरांपर्यंत पोचवू शकतो, असा असेल तर पिवळं. नवराबायको दोघंही पिवळे असले तर लेकरू लाल निघायची भीती. एकच पिवळा असला तर तशी भीती नाही. हे मॅडमनी तीनदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी शपथ घेतल्यासारखं बोलून घेतलं, की कोणत्या नंबरचं रक्त कोणाचं हे झामसिंग कोणालाही सांगणार नाही. बायकोलाही नाही.

हे ऐकून त्याची बायको जमुनाबाई आठ दिवस हसत होती.

त्याच दिवसांत झामसिंग एक सोयरीक जमवत होता. मुलगा दवनीवाड्याचा गजेंद्र रहांगडाले, उमरावचा. मुलगी आमटोल्याची डिंपल बोपचे. गाव वेगळं, कुळ वेगळं, दोघांच्या आया वेगळ्या कुळाच्या. दोन्ही घरी तसंही जाणं होतंच, तर रक्तासाठीही त्यांनाच का घेऊ नये? एका फेरीत दोन कामं. गजेंद्र झाला चौदा नंबर, डिंपल झाली एकोणतीस.

धानाचं चुरणं-मळणं आटोपलं, थंडी पडली, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली. त्याला आठ दिवस राहिले असताना मॅडमचा फोन आला.

"झामसिंगजी, चौदा आणि एकोणतीस. हे दोघं तुम्ही एकाच घरातले घेतलेत का?"

"नाही जी. साठ घरं, साठ मानसं."

"मग काहीतरी घोळ आहे. आम्ही सगळ्यांची रक्तं एकमेकांशी ताडून बघतो. लांबची नाती तर बऱ्याच जणांची निघालीत..."

"लांबची कशी निघतीन?" झामसिंगला राग आला.

"निघतात हो, एका समाजात निघणारच, ते चालतं. पण हे दोघं अगदी जवळचे आहेत. घरातलेच. दोघांतला एक नमुना आम्हाला काढून टाकावा लागेल. अर्ज एकदा बघून सांगाल का?"

झामसिंगनं रजिस्टर काढलं. चौदा. एकोणतीस. चष्मा पुसून पुन्हा चौदा, पुन्हा एकोणतीस. मग तो भाताच्या तणसाच्या ढिगावर बसला तो बसलाच. ज्या दोघांना त्यानं "जमते" म्हटलं होतं, ते एकाच घरातले.

तुमच्या-माझ्या डोक्यात आधी यंत्राची चूक आली असती. झामसिंगच्या डोक्यात आधी उमराव आला. उमरावकडं गावातलं पहिलं थ्रेशर होतं. ते घेऊन तो कुठंकुठं फिरायचा? आमटोल्याला फिरायचा. कधी? वीस-बावीस वर्षांआधी. डिंपल किती वर्षांची? बावीस. डिंपलचा बाप संजू तेव्हा काय करायचा? ट्रक चालवायचा, रायपूरकडं, पंधरा-पंधरा दिवस. झामसिंगनं बोटांवर मोजलं आणि बोटं पुरली.

पण सांगणार कोणाला? शपथ! आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी तोंडात घोळवणाऱ्या माणसाला देवानं शेवटी एक खरी गोष्ट दिली, आणि तोंड शिवून दिली.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून मोटरसायकल काढायला लागला.

"कुठं चाल्ले जी?" जमुनाबाईनं विचारलं.

"आमटोल्याले. फुलवंताबाईकडं."

"संजूभाऊ घरी आहे काय?"

"नाही. ट्रकवर हाये."

जमुनाबाईनं शर्टाकडं पाहिलं, तेल लावलेल्या केसांकडं पाहिलं. "बरं," ती म्हणाली. ते बरं काही बरं नव्हतं.

फुलवंता, म्हणजे डिंपलची आई, अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. झामसिंगनं चहा घेतला, हवापाण्याचं बोलला, आणि डिंपल समोरून गेली तशी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नाकाकडं नीट पाहिलं. नाकासारखं नाक होतं. उमरावचं नाक कसं आहे ते त्याला आठवेना. तीस वर्षांची ओळख, पण नाक आठवेना.

"बाई," तो हळूच म्हणाला, "उमराव थ्रेशर घेऊन तुमच्याकडं येत होता ना? तवाच्या गोष्टी आठवतात काय?"

"कोन्त्या गोष्टी?"

"अशाच. जुन्या."

सूप थांबलं. "काऊन? त्याईनं काही म्हनलं काय?"

"त्यानं काही म्हनलं नाही. पन गोष्ट रक्तातली आहे बाई. रक्तात असन ते आज नाही तं उद्या भायेर येतेच."

फुलवंता उठली. बाहेर डोकावून पाहिलं, दार लोटलं, परत येऊन बसली. तिचा चेहरा तिच्या सुपातल्या तांदळासारखा झाला होता.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"मले कोनी सांगत नाही. मले समजते."

"अजून कोनाकोनाले माहीत आहे?"

"सध्या मलेच."

"डिंपलच्या बाबाले सांगू नका जी," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "त्याईले अजून माहीत नाही. माह्याच माहेरले नाव ठेवतीन."

 त्याला सुगावा पाहिजे होता, इथं तर पोतंच उघडलं.

"पोरीचा काय दोष आहे त्यात?" फुलवंता रडायला लागली. "जन्मासोबत आलं ते. मी तं कागद तवाच चुलीत टाकला. कोनाले दिसू देल्ला नाही."

कागद! उमराव चिठ्ठ्याही लिहायचा? चौथी नापास उमराव?

"तुमी फक्त साक्षगंध होऊ द्या," ती हात जोडून म्हणाली.

"बाई!" झामसिंग ओरडलाच. "हे माहीत असून तुमी साक्षगंध होऊ द्या म्हंता?"

"काय होते त्यानं? लोकाईचे नाही झाले काय असे लग्नं?"

झामसिंगनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघाला. तीन किलोमीटर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की चप्पल फुलवंताच्या अंगणातच राहिली. परत गेला नाही. जमुनाबाईनं संध्याकाळी अनवाणी नवऱ्याकडं पाहिलं आणि त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही.

आता उरला प्रश्न पक्कं करण्याचा. त्यानं शेताच्या धुऱ्यावर जाऊन, बांधाला कोणी नाही असं पाहून, मॅडमना फोन लावला. "मॅडम, त्या चौदा-एकोनतीसचं. बाप एकच आन माय वेगळी, असं असू शकते काय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आई पण एकच आहे."

"आँ?"

"असं समजा, प्रत्येकाजवळ दोन वह्या असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आम्ही दोघांच्या वह्या पानापानानं जुळवून बघतो. या दोघांची काही पानं दोन्ही वह्यांत जुळतात, काही एकाच वहीत, आणि काही अजिबात जुळत नाहीत. बाप-लेक असते तर प्रत्येक पानाची एक तरी बाजू जुळली असती. नुसता बाप एक असता तर दोन्ही बाजू जुळणारी इतकी पानं निघाली नसती. ही सख्खी भावंडं आहेत, झामसिंगजी. आम्ही दोनदा तपासलंय."

"तुमच्याकडं नळ्या इकडच्या तिकडं..."

"ते पण बघितलं. आमच्याकडे नाही. तुमच्याकडे माणूस बदललं असेल तरच. पण तुम्ही प्रत्येकाचं तोंड बघूनच सही केलीत ना?"

"हो जी," झामसिंग म्हणाला. चटकन म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो धुऱ्यावर उभा राहिला. म्हणजे उमराव सुटला. चिठ्ठी पण सुटली, चौथी नापास ती चौथी नापासच. मग फुलवंता रडली कशाला? आणि माय एकच असेल तर माय कोण, उमरावची पुष्पांजली? झामसिंगनं पुन्हा बोटं काढली. फुलवंताला लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं, मग एकदम डिंपल. पुष्पांजलीला गजेंद्र, त्याच्यानंतर रुचि. रुचि आणि डिंपल गोंदियाच्या कॉलेजात एकाच वर्गात. एकाच वयाच्या. एकाच स्कूटीवर फिरतात.

जुळ्या!

एक ठेवली, एक दिली. चुलीत टाकला तो कागद म्हणजे दवाखान्याचा कागद. सगळं बसलं. इतकं छान बसलं की झामसिंगला क्षणभर आनंदच झाला. मग साक्षगंध आठवलं. आता सहा दिवस.

दुसऱ्या दिवशी दवनीवाड्याला उमराव ओसरीवर शेकोटीशी बसला होता, कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढून. झामसिंगला पाहताच त्यानं विचारलं, "आले काय कार्डं?"

कार्डांचे लिफाफे कालच कुरियरनं आले होते. साठही झामसिंगच्या पिशवीत होते, बंद. "वाटायचे आहेत अजून," तो म्हणाला.

"डिंपलचं मले दाखवजो आधी. पिवळी असन तं सांगून ठेवतो, नाही जमनार. आमच्या घरात तसलं कोनाले नाही."

"ते कोनालेच दाखवता येत नाही गा. नियम आहे."

"नियम!" उमरावनं निखाऱ्यावर काडी फेकली. "सोयरिकीत नियम घुसला का समजावं, काहीतरी लपवून राहिले."

पुष्पांजली, उमरावची बायको, चहा घेऊन आली. मागून रुचि बिस्किटांची बशी घेऊन. झामसिंगनं बशीवरून एक बिस्कीट उचललं आणि अगदी सहज, म्हणजे त्याला वाटलं सहज, विचारलं, "वहिनी, रुचि कोन्त्या दवाखान्यात झाली होती?"

"घरीच झाली. काऊन?"

"एकटीच झाली काय?"

"एकटी नाही तं काय बँड लावून झाली?"

"तसं नाही. सोबत अजून कोनी..."

"सोबत दाई होती," पुष्पांजली म्हणाली. कपबशी तिनं अशी ठेवली की चहा बशीत आला. "काय पाहिजे तुमाले, भाऊजी?"

"झामसिंग," उमराव म्हणाला, "तू सोयरीक जमवून राहिला का जनगनना करून राहिला बे? दोन दिवस झाले, आमटोल्याले जातं, आता पोरी कुठं झाल्या इचारतं. कोनं काय भरवलं तुह्या डोक्यात?"

"आमटोल्याचं तुले कोनं सांगतलं?"

"तुह्या बायकोनं फोन केल्ता. तुही चप्पल कोनाच्या घरी हाये ते मले इचारत होती."

झामसिंग उठला. उठताना त्यानं रुचिकडं पाहिलं, तर बशी ओसरीच्या कट्ट्यावर होती आणि रुचि नव्हती.

ती भेटली गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर. स्कूटी आडवी लावून उभी होती. आमच्याकडच्या पोरी गाडीवर निघाल्या की दुपट्टा असा गुंडाळतात की नुसते डोळे उरतात. ती तशीच होती. झामसिंगनं ब्रेक दाबला आणि सवयीनं विचारलं, "कोनाची?"

"पाहा!" तिनं दुपट्टा ओढून काढला. "ह्याच्यानंच झालं सगळं. मी रुचि होय, काकाजी. आता बिस्कीट देल्लं तुमाले."

"हां हां. काय वो पोरी?"

"तुमी डिंपलच्या आईले काय म्हनले? काकू तवापासून जेवून नाही राहिली. डिंपलनं मले तीनदा फोन केला. पोलीस येनार आहे काय?"

"पोलीस कायले?"

रुचिनं दुपट्टा हातावर गुंडाळला. मग एका दमात म्हणाली, "एकोनतीस नंबरचं रक्त डिंपलचं नाही. माहं होय."

झामसिंगनं मोटरसायकल बंद केली.

"नववीत होतो तवा शाळेत तपासनी झालती," रुचि सांगू लागली. "डिंपलचं पिवळं निंघालं. काकूनं कार्ड चुलीत टाकलं. काकाले बी नाही सांगतलं. मंग तुमचं शिबीर आलं. डिंपल म्हने, मी नाही म्हनलं तं झामसिंगकाका म्हनतीन काऊन नाही म्हंते, आन दुसऱ्या दिवशी आठ गावाईले माहीत होईन. आन पिवळं निंघालं तं बाबूजी सोयरीक मोडतीन. म्हनून मी गेली तिच्या जागी. तिचं आधार कार्ड, तिचाच दुपट्टा. मले काय माहीत तुमच्या मशीनले भाऊ-बहीन समजते?"

"पन तुमाले दोघीले एक डाव तरी वाटलं नाही, का झामसिंग तिथं बसून आहे, तो ओळखीन?"

"वाटलं ना. मी तं थरथर कापत होती," रुचि म्हणाली. "तुमी मोबाईलवर कोनाच्या तरी सोयरिकीचं बोलून राहिले होते. मले इचारलं, कोनाची? मी म्हनलं, बोपचे, आमटोला. तुमी फोन न ठेवता सही केली. वरून म्हनले, तुहा आजा लई भला मानूस होता."

बोडीवर दोन बगळे होते, ते उडाले. झामसिंगला ते वाक्य आठवलं. आजा आठवला, आजाची पांढरी गाय आठवली, फोनवर कोण होतं तेही आठवलं. समोर कोण होतं ते तेवढं आठवेना.

पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. चिठ्ठी नाही, जुळ्या नाहीत, उमराव गंगेसारखा स्वच्छ, फुलवंताही. जे काही घाण होतं ते त्याच्याच डोक्यात होतं, आणि डोकं त्याचं स्वतःचं असल्यामुळं कोणाला दाखवायचं कारण नव्हतं. मग दुसरी गोष्ट हळूहळू वर आली. त्यानं सही केली होती. आणि काल फोनवर "हो जी" म्हटलं होतं.

"कोनाले सांगू नका काकाजी," रुचि म्हणाली. "एक नळी फेकून देतात ना ते? एकोनतीस फेकून देतीन. कोनाले समजनार बी नाही."

खरंच होतं. झामसिंग गप्प बसला की एकोणतीस नंबर आपोआप उडणार होता. सोयरीक राहिली असती, "जमते" राहिलं असतं. फक्त पिशवीत एक लिफाफा होता. त्यावर नाव डिंपलचं, आत कार्ड रुचिच्या रक्ताचं. तो उद्या आमटोल्यात जाणार, तिथून उमरावच्या हातात जाणार. आत पांढरं असलं तर दोन्ही घरं त्याच्या भरवशावर निजणार. आणि गजेंद्रचा लिफाफा, चौदा नंबर, त्यात काय आहे? तेही पिवळं असलं तर? उद्या एखादं लेकरू हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडेल आणि झामसिंग त्याच्या पाळण्यापाशी उभा राहून सांगेल, तुझा आजा लई भला माणूस होता.

त्यानं पाळीवरूनच फोन लावला. रुचि नको नको म्हणत होती.

"मॅडम, मी झामसिंग. एकोनतीस नंबर. मी तोंड नव्हतं पाह्यलं जी."

 मग चेतना मॅडम म्हणाल्या, "आणि काल हो म्हणालात ते?"

"ते बी खोटं."

"बाकी किती जणांचं पाहिलं नाही?"

झामसिंगनं बोटं काढली नाहीत. "माहीत नाही जी," तो म्हणाला. बोपचे कोण, बिसेन कोण, हे त्याला मॅडमना बसल्या जागी सांगता आलं असतं. त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

मॅडम रागावल्या, पण ओरडल्या नाहीत, आणि त्याला ते जास्त लागलं. एकही लिफाफा वाटायचा नाही, सगळे परत पाठवायचे, असं त्यांनी सांगितलं. आठवड्याभरात त्या स्वतः आल्या. रुचिची त्यांनी वेगळी संमती घेतली आणि तिचं कार्ड तिला एकटीला बसवून समजावलं. डिंपलचं रक्त नव्यानं घेतलं. साक्षगंध पंधरा दिवस पुढं ढकललं गेलं. "मामाकडं सुतक आहे" असं कारण झामसिंगनं दोन्ही गावांत पसरवलं. कोणाच्या मामाकडं ते कोणी विचारलं नाही. झामसिंगनं सांगितलंय म्हणजे असेल.

लपवायचं की सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. डिंपलनं ठरवलं. ती स्कूटी घेऊन एकटी दवनीवाड्याला आली, उमरावच्या ओसरीवर उभी राहिली आणि पिवळं कार्ड कट्ट्यावर ठेवलं. झामसिंग तिथं होता, कारण गजेंद्रनं त्याला बोलावलं होतं.

उमरावनं कार्डाला हात लावला नाही. लांबूनच पाहिलं. "मले पह्यलेच शक होता," तो म्हणाला. "झामसिंग, नाही जमत."

"बाबूजी, माहं पांढरं आहे," गजेंद्र म्हणाला. "मॅडमनं समजावलं मले. एकच पिवळा असन तं..."

"तू गप. आपल्या घरात तसलं कोनाले नाही."

तेव्हा रुचि आतून आली. तिनं डिंपलच्या कार्डाशेजारी दुसरं एक कार्ड ठेवलं. तेही पिवळं. नाव, रुचि उमराव रहांगडाले.

"माही बी सोयरीक आतापासूनच मोडून टाका," ती म्हणाली.

उमराव त्या दोन कार्डांकडं बघत राहिला. ती हुबेहूब सारखी होती, कोणतं बाहेरचं आणि कोणतं घरातलं हे नाव वाचल्याशिवाय कळत नव्हतं. त्यानं दोनदा वाचलं. मग त्याची मान हळूहळू वळली ती थेट पुष्पांजलीकडं.

"तुह्या माहेरचं असन," तो म्हणाला.

"माह्या माहेरचं?" पुष्पांजलीनं कंबरेला पदर खोचला. "तुमची माय जन्मभर हातपाय दुखते, हातपाय दुखते म्हने, ते इसरले काय?"

"ते वाताचं होतं."

"हो, वात! तपासला होता काय कोनं तुमचा वात?"

मॅडम अजून गोंदियातच होत्या. तपासायचं तर दोघांनीही, असं पुष्पांजली म्हणाली, आणि आजच, नाहीतर मी जेवायला वाढणार नाही. दुपारी चारला दोघं नवराबायको मॅडमच्या शिबिरात, शाळेच्या खोलीत एका बाकावर बसले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा. उमराव बायकोच्या दंडाकडं बघत होता, बायको उमरावच्या, जणू सुई लागली की रंग बाहेरूनच दिसणार होता.

झामसिंग टेबलाशी होता. मॅडमनी त्याला कामावरून काढलं नव्हतं. साठही घरी पुन्हा जायचं, प्रत्येकाला समोर उभं करायचं, फोटोशी ताडायचं आणि मग सही, असं सांगितलं होतं. चौदा घरं झाली होती. लोक त्याला विचारत होते, "काय पाहून राहिले काकाजी, एवढं तोंडाकडं?" दोन ठिकाणी बायकांनी दार लावून घेतलं होतं.

पुष्पांजलीचा अर्ज झाला. तिच्याकडं त्यानं नीट पाहिलं, तिनंही त्याच्याकडं तसंच पाहिलं, आणि सही झाली. मग उमराव पुढं सरकला. अंगावर शाल, कानटोपी भुवयांपर्यंत, खाली हनुवटीपर्यंत मफलर.

झामसिंगनं पेन ठेवलं. "टोपी काढ."

"काऊन?"

"तोंड पाहू दे."

"तीस वर्षं झाले बे, मले ओळखत नाही काय?"

"नाही," झामसिंग म्हणाला. "काढ."

उमरावनं मागं मॅडमकडं पाहिलं. मॅडम कागदांत होत्या. त्यानं मफलर सोडला, टोपी काढली आणि चिडून तोंड पुढं केलं. झामसिंगनं चष्मा पुसला आणि पाहायला लागला. कपाळ. भुवई, एक तुटलेली, कशानं ते माहीत नव्हतं. आणि नाक, डावीकडं थोडं वाकडं, टोकाला जाड.

"झालं काय?" उमराव म्हणाला. "का माह्याच घरी माही सोयरीक जमवतं?"

"थांब," झामसिंग म्हणाला. "पाहून राहिलो."